कंपवात, मेंदूतील तार आणि माणसाचा स्वभाव



कंपवात हा आपल्या ओळखीचा रोग. हात थरथरतो, चाल आखडते, अक्षर बारीक होत जाते. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून जगभर त्याला त्यांचेच नाव पडले. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी झिजतात, हे या रोगाचे मूळ. लेव्होडोपाच्या गोळीने ही उणीव काही वर्षे भरून निघते. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असते. पुढे मात्र गोळीचा अंमल लवकर ओसरू लागतो.

अशा काही निवडक रोग्यांसाठी एक शस्त्रक्रिया आहे. ग्रनोबल या फ्रेंच शहरात डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली तिचा पाया घातला. मेंदूच्या खोल भागात, वाटाण्याएवढ्या केंद्रात, बारीक तार बसवतात. छातीच्या कातडीखालच्या विजेरीतून तिला सेकंदाला साधारण १३० सूक्ष्म झटके मिळतात. रोग जात नाही. पण हालचाल सुटते आणि गोळ्याही पुष्कळदा कमी होतात. मुंबईतही ही शस्त्रक्रिया होते.

आता समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षे लेथवर काम केलेला एक कामगार आहे. शस्त्रक्रियेनंतर तो स्वतःच्या हाताने चहा पितो. घरात आनंदीआनंद! पण काही आठवड्यांनी बायकोच्या ध्यानात येते, की यांच्या तोंडी शब्द पटकन येत नाही. दुसऱ्या एखाद्या घरी तोच माणूस रात्रभर बोलत बसतो, भलताच खर्च करतो. तिसऱ्या घरी तो गप्प बसून राहतो, कशातच मन लागत नाही. लोक म्हणतात, "बरा झाला आणि आळशी झाला."

मंडळी, हा आळस नव्हे. त्या इवल्याशा केंद्रात हालचालीचा, विचाराचा आणि भावनेचा भाग अगदी लागून आहेत. पाटाचे पाणी आपल्या वाफ्यात सोडावे आणि बांध फुटून ते शेजारच्या वाफ्यात शिरावे, तशी वीज कधी कधी पसरते. गोळ्या झपाट्याने कमी झाल्या तरी मन उदास होते.

पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९९ साली एका ६५ वर्षांच्या बाईंची हकिगत प्रसिद्ध केली. तारेच्या एका टोकातून वीज सोडताच त्या रडू लागल्या, जगणे नको म्हणाल्या. वीज थांबवल्यावर दीड मिनिटाच्या आत त्या पूर्ववत झाल्या. मुंबईचे डॉ. परेश दोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या उदासीनतेतून आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत गेलेल्या रोग्याची नोंद केली. असे थोड्यांच्याच बाबतीत घडते. बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते. शब्द सुचण्याचा वेग थोडा मंदावणे, हेच त्यातल्या त्यात अधिक आढळते. उलट, काही गोळ्यांमुळेच जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. त्या कमी झाल्या की तो नाद सुटल्याचेही दिसले आहे.

मग करावे काय? शस्त्रक्रियेपूर्वी स्मरणशक्तीची आणि मनाची तपासणी करून घ्या. नंतर घरच्यांनी एक वही ठेवावी: झोप, बोलणे, खर्च, राग. बदल दिसला, तर गोळ्या आपल्या मनाने कमीजास्त न करता डॉक्टरांना वही दाखवावी. विजेचे प्रमाण बाहेरून बदलता येते, हे ध्यानात ठेवा. मरणाची भाषा कानी आली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि माणसाला एकटे सोडू नये.

कारखान्यात वेल्डिंग किंवा विजेच्या भट्टीजवळ काम असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. डायथर्मी यंत्राचा शेक कधीही घेऊ नका; त्याने मेंदूला इजा होऊन जीवही जाऊ शकतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात तुमच्या शब्दाला मान आहे. हात थरथरणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. स्वभाव बदललेल्याला नावे ठेवतात. दोन्हींचे मूळ एकाच मेंदूत आहे, एवढे जरी तुम्ही चावडीवर समजावून सांगितलेत, तरी एखादे घर सावरेल.