यंत्राला मुकादम होऊ देऊ नका

(मलकापूर, ता. कराड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

आपल्या पाटण-कराड भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहण्यासाठी गेली. काम मिळे ते मुकादमाच्या मर्जीने. कोणाला घ्यायचे आणि कोणाला परतवायचे हे तो ठरवी; कारण विचारण्याची सोय नव्हती. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. मुकादमाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला जनरेटिव्ह एआय म्हणतात, ती आता कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या कर्मचारी-विभागांत शिरली आहे. यंत्राला सरसकट विरोध हा आपला कार्यक्रम असू शकत नाही. प्रश्न एवढाच, की ते कारकुनाचे काम करणार की मुकादमाचे?

कारकून म्हणून ते उपयोगी आहे. भरतीच्या जाहिरातीचा मसुदा, रजेच्या नियमांचा गोषवारा, पगारपत्रकातील कपातींचा सोप्या मराठीत खुलासा ही कामे ते काही क्षणांत करते. १९४६ च्या कायद्याने स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावण्याचे बंधन घातले होते. फलकावर लागलेला क्लिष्ट मजकूर किती जणांना उमगे, हे आपण जाणतो. तो सुबोध करण्यास यंत्राची मदत अवश्य घ्यावी.

परंतु त्याने लिहिलेले तपासल्यावाचून कामगाराच्या हाती देऊ नये. हे यंत्र मुख्यतः पूर्वीच्या लिखाणावरून शब्द जुळविते. नसलेले कलमही ते ठामपणे सांगू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४६ चा तो कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच आहे. जुन्या मजकुरावर पोसलेले यंत्र रद्द झालेला कायदाच चालू म्हणून सांगेल. चूक यंत्राची, पण बुडेल ती कामगाराची भाकरी.

याहून मोठा धोका निवडीचा. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने अर्जांना गुण देणारे एक यंत्र बनविले होते. ते आजच्या मजकूर रचणाऱ्या यंत्रांहून वेगळ्या प्रकारचे होते, पण तेही जुन्या अर्जांवरूनच शिकले. त्यांत पुरुषांचा भरणा होता. म्हणून ते स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागले आणि कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. २०१८ साली हे उघड झाले. आपल्याकडे तर आडनाव जात सांगते. बाळंतपणासाठी सुटलेली नोकरी किंवा ऊसतोडीत गेलेले महिने अर्जात 'खंड' म्हणून दिसतात. भूतकाळातला पक्षपात यंत्रातून गणिताचा मुखवटा घालून बाहेर येतो आणि मालक हात झटकून म्हणतो, 'आम्ही काही केले नाही.' जुना मुकादम निदान समोर उभा असे.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरती, बढती आणि बडतर्फीसाठी वापरली जाणारी अशी यंत्रणा उच्च जोखमीची ठरविली आणि तिच्यावर मानवी देखरेखीचे बंधन घातले. आपण कायद्याची वाट पाहत बसू नये. पुढच्या करारातच चार मागण्या घाला. यंत्र कोठे वापरले जाते हे कामगारांना कळविले पाहिजे. निवड, बढती व शिक्षेचा निर्णय जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः विचार करून, कारण लिहून, आपल्या सहीने द्यावा. त्या निर्णयाविरुद्ध माणसासमोर दाद मागता यावी. आणि कामगाराचे आजारपण, आधार क्रमांक वा तक्रारी बाहेरच्या यंत्रात घालू नयेत.

आपल्या कचेऱ्यांनाही हेच लागू आहे. युनियनची नोटीस यंत्राकडून लिहून घेतलीत, तर ती देण्यापूर्वी ज्याचा प्रश्न आहे त्या कामगाराला वाचून दाखवा. त्याने मान हलविली तरच खाली सही करा.