कापड कोण आणतं?

(शिवणवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्या बहुतेक वस्त्यांत आज शिवणवर्ग चालतात. मशिनं आली, शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, प्रमाणपत्रंही वाटून झाली. पण कापड कोण आणतं? नवरा, दीर, नाहीतर काम देणारा ठेकेदार. शिवते बाई, पण मालाचा भाव तिला ठाऊक नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे, वर्गाचा पहिला दिवस दुकानात जावा.

दुकान शोधायला फार हिंडावं लागत नाही. गल्लीत फॉल-पिको करणारी असतेच, ती अस्तर कुठून आणते ते विचारा. पुण्यातल्या गटांना घाऊक कापडासाठी रविवार पेठ आहे, सुया-लेस-बटणांना तुळशीबाग. पण पाच-सहा जणींनी मिळून जा. एकटी बाई दिसली की दुकानदार तागा उलगडायचाही कंटाळा करतो. शिवाय अख्खा तागा घ्यावा लागला तर वाटून घेता येतो.

शिकताना मांजरपाट किंवा साधं पॉपलीन घ्या. जॉर्जेट, सॅटिन नकोच. ते कात्रीखाली सरकतं, आणि नव्या मुलीला वाटतं आपल्याला जमणारच नाही. कितीतरी जणी इथेच वर्ग सोडतात. पन्हा विचारल्याशिवाय किती मीटर ते ठरवू नका. ३६ इंची पन्ह्याला कापड जास्त लागतं, ४४ इंचीला कमी. ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेल्या कापडाचा एक धागा घरी जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. आणि दुकानदार मोजताना मीटरपट्टीकडे बघा. तिच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का हवा, तसा कायदाच आहे. विचारायला लाजायचं कशाला?

सुई मध्यम सुती कापडाला १४ नंबरची, पातळ अस्तराला ११. रिळाचा दोरा ओढून पाहा, झटक्यात तुटला तर परत करा. कापडाची कात्री वेगळी ठेवा. तिने घरात कोणी कागद कापणार नाही, एवढा दरारा पाहिजे!

आता हिशेब. घरी बसून नगावर शिवणाऱ्या बायकांचा दोरा, सुई, वीज, मशीनचं तेल हे बहुतेक वेळा त्यांच्याच मजुरीतून जातं. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. त्यासाठी भांडत राहूच. पण ठेकेदार परकराचा दर सांगतो, तेव्हा एका रिळात किती परकर होतात हा आकडा आपल्याकडे लिहिलेला हवा. प्रत्येक गटाने या महिन्यापासून तशी वही घालावी. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, दर तिथेच मांडून पाहू.