पंख्याचा आवाज, यंत्राची बांधणी



आजचा विषय, लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज, ऐकायला लहान वाटेल. पण नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या आसपास राहणाऱ्या कित्येक घरांत तो दिवसभर कानाशी असतो. डाय, मोल्ड, जिग-फिक्श्चर, गाड्यांचे सुटे भाग यांची डिझाइनं करणारी मंडळी आपल्या शहरात खूप आहेत. त्यांतले बरेच जण आता स्वतःचं ऑफिस थाटून किंवा घरूनच काम करतात. सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स ही सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपला झेपत नाहीत, आणि डेस्कटॉप घेतला तर तो गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नेता येत नाही. शिवाय लाईट गेली की काम जातं. म्हणून वर्कस्टेशन लॅपटॉप येतो. डेलचा प्रिसिजन, एचपीचा झेडबुक, लेनोवोचा थिंकपॅड पी, असा कुठलातरी. लाख-दीड लाखापासून पुढे किंमत, आणि बहुतेकदा हप्त्यांवर.

या मालकांशी बोललं की पहिली तक्रार पंख्याची निघते आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसरी निघते, बांधणीची. बिजागरी कुरकुरते, मनगटाखालचा भाग दाबला की दबतो, खालच्या झाकणाचा एखादा स्क्रू नुसताच फिरत राहतो. माझं म्हणणं असं, की या तक्रारींचं मूळ एकच आहे: यंत्र पातळ करण्याच्या हट्टात आत हवेला आणि धातूला जागा उरली नाही. तो हट्ट कंपन्यांनी जाहिरातीतून आपल्या गळी उतरवला, आणि कामाचं यंत्र घेताना आपणही तो निमूटपणे मान्य केला.

आत काय चालतं ते पाहू. प्रोसेसरवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. तिच्यात अगदी कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. प्रोसेसर तापला की त्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाते, तिथल्या बारीक पत्र्यांच्या जाळीला उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून परत फिरते. पंख्याचं काम एवढंच, की त्या जाळीतून हवा ढकलायची. रचना सुंदर आहे, पण तिच्यावर येणारा बोजा पाहा. इंटेलच्या कोअर आय-9 12900 एचएक्स या प्रोसेसरची मूळ मर्यादा 55 वॅटची आहे. टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने धावताना, तोच 157 वॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे जवळजवळ तिप्पट. ग्राफिक्स कार्डाची उष्णता निराळी.

सीएडीच्या, म्हणजे संगणकावर डिझाइन करण्याच्या, कामाचा स्वभाव या टर्बोला नेमका चिथावणी देतो. मॉडेल बनवताना बहुतेक भार एकाच कोअरवर येतो. मोठी असेंब्ली उघडली, एखादं फीचर बदलून रीबिल्ड मारलं, की प्रोसेसर उसळी घेतो, पंखे जोरात सुटतात. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत, आणि पुन्हा तेच. मालक सांगतात की सलग चालणाऱ्या आवाजाची सवय होते, या चढउताराची होत नाही. ते खरं आहे, आणि त्यांच्या नसांचा तो दोष नाही. पंख्याला साठ पाती धरा आणि मिनिटाला 4000 फेरे धरा. दर सेकंदाला 4000 ठोके पडतात, म्हणजे 4000 हर्ट्झचा सूर. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात. दोन पंखे किंचित वेगळ्या वेगाने फिरत असतील तर त्यांच्या सुरांची आंदोलनं होतात आणि तो वूंव-वूंव असा हेलकावा ऐकू येतो. ॲपलने 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये पात्यांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलं, ते हा एकच टोचरा सूर विखरून टाकण्यासाठी. डेसिबलचा आकडा त्याने फार उतरत नाही, पण कानाला सुसह्य होतं.

आता गणिताची एकच गोष्ट सांगतो, कारण सगळी खरेदी तिच्यावर ठरायला हवी. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो. दहा डेसिबलचा फरक कानाला निम्मा-दुप्पट वाटतो, त्यावरून अंदाज करा. पंखा मोठा आणि जाड असेल तर तो हळू फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. म्हणजे शांततेसाठी लागते ती जागा. काही मिलिमीटर जाडी कमी केली की पंखा लहान होतो, वेग वाढतो, आवाज चढतो. त्याच मिलिमीटरमध्ये मॅग्नेशियमच्या सांगाड्याची जाडी जाते आणि बिजागरीचे स्क्रू धरणारे पितळी नट नुसत्या प्लॅस्टिकच्या बोंडात रुततात. पुढे बिजागरी घट्ट झाली, की झाकण उघडताना तो नट प्लॅस्टिकसकट उपटून येतो. लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हे तुटलेले तुकडे तुम्हाला दाखवतील.

नाशिकचा हिशेब यात वेगळा मांडावा लागतो. प्रोसेसरची मर्यादा साधारण 100 अंशांची. खोलीत 25 अंश असतील तर प्रोसेसर आणि हवा यांच्यात 75 अंशांची उतरंड मिळते. आपल्या मे महिन्यात खोली 40 ला गेली की ती 60 वर येते, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, त्यामुळे हवाही पाच-सहा टक्के विरळ. थंड, बंदिस्त प्रयोगशाळेत जी शांतता मोजली ती इथे मिळणार नाही.

त्यात धूळ. घरातली धूळ कोरडी असते, शॉपफ्लोअरवरची नसते. व्हीएमसी या कटिंग मशीनच्या शेजारी लॅपटॉप ठेवून प्रोग्राम बघणारे बरेच आहेत. तिथल्या हवेत कूलंटचं आणि तेलाचं बारीक धुकं असतं. ते पात्यांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि पंखा व जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखा करडा थर जमतो. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. मालक ब्लोअर मारतो, थर जागचा हलत नाही. उलट हवेच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याच्या बेअरिंगला मार बसू शकतो. खरी सफाई म्हणजे खालचं झाकण काढायचं, बॅटरी सोडवायची, पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घ्यायचा, आणि तो थर चिमट्याने अख्खा उचलायचा. हवा मारायचीच तर पातं बोटाने धरून. प्रोसेसर आणि नळी यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असेल तर जुनी पुसून नवी लावायची. हे व्यवस्थित झालं की तेच यंत्र तेच काम कमी वेगाच्या पंख्यावर करतं.

म्हणूनच बांधणी चांगली कशाला म्हणायची, याचं माझं उत्तर ठाम आहे. ज्या यंत्राचं झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतं, पंखा सुटा बदलता येतो आणि दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनी उघडपणे देते, ते चांगलं. एमआयएल-एसटीडी-810 हा शिक्का पाहून भुलू नका. अमेरिकन लष्कराची ही चाचणीपद्धती 1962 पासूनची आहे, गंभीर आहे. पण तिचं प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी संस्था नाही. त्यातल्या कोणत्या चाचण्या किती कडक घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. बिजागरी पाच वर्षं टिकेल, असं त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

ताबडतोब करण्यासारखं एक आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था 100 वरून 99 टक्क्यांवर आणली, की बहुतेक यंत्रांमध्ये टर्बो बंद होतो. रीबिल्डला थोडा जास्त वेळ लागेल. रात्री घरातली माणसं झोपलेली असताना हा सौदा परवडतो. आणि गादीवर, सतरंजीवर लॅपटॉप ठेवू नका; हवा खालूनच आत जाते.

पण आवाजाची तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलं, की उत्तर मिळतं, "हे नॉर्मल आहे." या उत्तरापुढे मालक निरुत्तर होतो, कारण नॉर्मल म्हणजे किती हे त्याच्या हातात लिहिलेलं नसतं. लॅपटॉपवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, ती सुरक्षिततेपुरती. आवाज मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 7779. तो जाहीर कसा करायचा याचीही आहे, आयएसओ 9296. मोठ्या कंपन्या पर्यावरणविषयक कागदपत्रांत हे आकडे छापतात. आपल्या दुकानांत ते कोणी मागत नाही.

मागायला हवेत, आणि लेखी मागायला हवेत. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै 2020 पासून लागू झाला, इथे आपल्या बाजूने आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला त्याचं संरक्षण नाही, हे बरोबर. पण स्वयंरोजगारातून निव्वळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. घरी बसून डाय डिझाइन करणारी ताई त्या अर्थाने ग्राहकच आहे, आणि कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं तरी ती राहते तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे नाशिकमध्येच तक्रार करू शकते. ऑर्डरमध्ये आकडा असेल तर तिच्या तक्रारीला पाय असतील.

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांनी यात पुढाकार घ्यावा अशी माझी जाहीर विनंती आहे. खरेदीआधी विक्रेत्यांना आपापली यंत्रं घेऊन बोलवा. मे महिन्यातली दुपार निवडा, एसी बंद ठेवा. आपल्याच कारखान्यातली एखादी जड असेंब्ली प्रत्येक यंत्रावर अर्धा तास चालवा. खुर्चीवर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला ध्वनिमापक लावा, आणि आलेला आकडा यंत्राच्या नावासकट सभासदांच्या फलकावर लिहा. मग झाकण उघडून पंखा बाहेर काढायला किती वेळ लागतो, तोही त्याच्या शेजारी.