वेंडेलिन ग्रिमचा घास

विहिरीच्या पाण्यावर दुभत्या जनावरांसाठी जो लसूणघास आपल्याकडील शेतकरी लावतात, त्याचा लसणाशी काहीही संबंध नाही. ते मेथीला जवळचे असे शेंगवर्गातील पीक आहे. म्हणूनच काही भागांत त्याला मेथीघास असेही म्हणतात. एकदा पेरले की काही वर्षे पुनःपुन्हा कापता येते. मुळे खोल जातात आणि मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. असा चारा ज्याच्या दारी आहे, त्याची गाय उपाशी राहत नाही. परंतु हे पीक मूळचे उबदार आणि कोरड्या मुलखातले. जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे ते रुजावे कसे? या प्रश्नाचे उत्तर एका परदेशी शेतकऱ्याने आपल्या शेतात शोधले. श्रोतेहो, त्याचे नाव वेंडेलिन ग्रिम.

ग्रिमचा जन्म 1818 साली जर्मनीतील बाडेन राज्यात, कुल्सहाइम या गावी झाला. त्या काळी बाडेनच्या अनेक भागांत बापाची जमीन सर्व मुलांत वाटून देण्याची रीत होती. घरे मोठी, मुले पुष्कळ. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत शेताचे लहान लहान तुकडे होत. भाऊबंदकीत तुकडे पडलेली शेते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही अवस्था निराळी समजावून सांगावी लागणार नाही. त्यातच 1840 नंतरच्या दशकात बटाट्याच्या रोगाने आणि धान्याच्या महागाईने लोकांना गांजले, आणि 1848-49 चा राजकीय उठाव मोडला गेला. हजारो कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. 1857 साली ग्रिमही पत्नी यूलियाना आणि मुले यांना घेऊन निघाला व मिनेसोटा प्रांतातील कार्व्हर तालुक्यात स्थायिक झाला. मिनेसोटाला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो पुढच्या वर्षी, 1858 च्या मे महिन्यात. म्हणजे त्याचा संसार त्या राज्याहूनही थोडा जुना म्हणावयास हवा.

सामानात त्याने एक लहानशी पिशवी आणली होती. तीत पंधरा-वीस रत्तल बियाणे होते. गावाकडे या पिकाला ‘अखंड टिकणारे क्लोव्हर’ अशा अर्थाचे नाव होते. देशांतर करणारा माणूस सामानातून काय काय गाळतो, याचा विचार केला म्हणजे त्या पिशवीचे मोल कळते. भांडी नव्या देशात विकत मिळतील, परंतु ओळखीचे बी मिळेलच असे नाही, एवढे शेतकऱ्याला ठाऊक असते.

1858 च्या वसंतात त्याने ते बी पेरले. पीक उगवले, वाढले. पण पुढे हिवाळा आला. उत्तरेकडील हिवाळा पिकाला दोन प्रकारे मारतो. एक तर कडाक्याच्या थंडीने झाडाचा बुडखाच गोठून जातो. दुसरे असे की, जमीन आळीपाळीने गोठते आणि वितळते, त्या हालचालीत मुळे उपटली जाऊन बुडखा वर येतो व वाळतो. वसंतात ग्रिमने पाहिले, तर बहुतेक पीक मेले होते. थोडी झाडे मात्र हिरवी राहिली होती. त्याने त्यांचे बी धरले आणि तेच पुन्हा पेरले. पुढच्या हिवाळ्यानंतर पुन्हा मेलेली झाडे अधिक आणि जगलेली थोडी. त्याने पुन्हा जगलेल्यांचेच बी धरले. असे एक-दोन नव्हे, पुष्कळ वर्षे चालले.

हे सांगावयास सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत, त्याने दरसाल जमिनीचा तुकडा अशा पिकासाठी राखून ठेवणे म्हणजे काय, याचा विचार करावा. त्या काळी मिनेसोटात गव्हाचे राज्य होते. गहू पेरला की रोख पैसा हाती येई. मेलेला घास नांगरून तेथे गहू टाकला असता, तर त्याला कोणी शहाणपणच म्हटले असते. ग्रिमने तसे केले नाही. त्याने कोणतेही टिपण लिहून ठेवले नाही, कोणता सिद्धांत मांडला नाही. आनुवंशिकतेचे नियम ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले; परंतु 1900 पर्यंत जगातील पंडितांनीही त्यांच्याकडे लक्ष दिले नव्हते, तेथे या शेतकऱ्याला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते.

हळूहळू मरणारी झाडे कमी होऊ लागली. 1863 सालची एक आठवण त्या भागात सांगतात. मका तुटपुंजा असताना ग्रिम आपली धष्टपुष्ट गुरे विक्रीस नेत होता. शेजाऱ्याने विचारले की, एवढा मका आणला कोठून? मक्याचा एक दाणाही घातला नाही, केवळ घासावर वाढवली, असे त्याने सांगितले. त्याचे बी शेजारच्या जर्मन कुटुंबांकडे गेले आणि कार्व्हर तालुक्यात ते पीक स्थिर झाले. तालुक्याच्या बाहेर मात्र त्याची कोणाला वार्ता नव्हती. 1890 साली ग्रिम मरण पावला, तो एक साधा शेतकरी म्हणूनच.

1900 च्या सुमारास एक्सेलसियर येथील आर्थर लायमन यांच्या ध्यानात आले की, इतरांचा घास हिवाळ्यात मरतो, पण या जर्मन शेतकऱ्यांचा टिकतो. त्यांनी ही गोष्ट मिनेसोटा विद्यापीठाचे प्रा. विलेट हेज यांच्या कानी घातली. विद्यापीठाच्या प्रयोगशेतात पारख झाली, आणि त्या वाणाला ग्रिमचेच नाव मिळाले. पुढे चार्ल्स ब्रँड यांनी 1911 साली अमेरिकेच्या कृषिखात्यातर्फे या वाणावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, जांभळ्या फुलांच्या घासात थंडी सोसणाऱ्या पिवळ्या फुलांच्या रानटी जातीचा काही अंश मिसळला होता. हे पीक मधमाश्यांमुळे परपरागित होते. त्यामुळे दर हिवाळ्यात जगलेल्या झाडांचा एकमेकांशी संकर होत गेला आणि काटकपणा पिढीगणिक पक्का झाला. निवड थंडीने केली. परंतु त्या निवडीचा मान राखून बी जपणारा हात ग्रिमचा होता.

या वाणाने अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात दुग्धव्यवसायाला खात्रीचा चारा दिला. पुढे जिवाणूजन्य मररोग पसरला; त्यापुढे ग्रिमचा घास टिकेना, आणि रोगाला तोंड देणारे नवे वाण पुढे आले. कोणतेही बी कायमचे नसते. त्याला नव्या संकटाशी पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा कोणीतरी शेतात थांबावे लागते.

1924 साली ग्रिमच्या जुन्या शेतावर स्मारकशिला उभारण्यात आली. त्याचे विटांचे घर आणि शेत 1974 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंदले गेले. परक्या मुलखातून आलेल्या, मोडकी भाषा बोलणाऱ्या माणसाचा त्या देशाने केलेला हा गौरव उशिरा झाला खरा, पण झाला.

आपल्याकडेही खळ्यावर कणसे निवडून पुढच्या पेरणीचे बी बाजूला काढणारी वडीलधारी माणसे घरोघर होती. ते काम बहुधा घरातील बायकांकडे असे, आणि त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. अवर्षणात जे ताट तग धरते, रोगात जे कणीस भरते, ते ओळखून ठेवण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. ज्या घरात अशी माणसे अजून आहेत, त्या घरातील शिकलेल्या मुलांनी त्यांच्या शेजारी बसून ते ज्ञान विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. ग्रिमला लायमन भेटले, ते तो गेल्यानंतर दहा वर्षांनी.