चार चिपट्यांचा शेर



आज आपण आपल्या लेकरांविषयी चार शब्द बोलू.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत. सहा महिन्यांत त्या सही करू लागल्या. मोठ्या अक्षरांचे पुस्तक वाचू लागल्या. आम्ही त्यांना म्हटले, "ताई, आता घरी लेकीलाही थोडे शिकवत जा."

बाई हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मलाच कालपरवा अक्षर कळाया लागलं. मी काय शिकवणार? अन् पोरगी ढ हाय. शाळेत पाढे येत न्हाईत. औंदा शाळेतनं काढावी म्हणते. धाकट्याला तरी सांभाळंल."

"मुलीला शाळेतून काढू नका," एवढेच आम्ही म्हणालो. उपदेश करणे सोपे असते!

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. शेजारणीची दोन शेर ज्वारी परत करायची होती. शेराचे माप कुणी तरी नेले होते. पोरीने चिपटे घेतले आणि आठ वेळा भरून टोपलीत ओतले. आम्ही विचारले, "आठच का?"

ती म्हणाली, "चार चिपट्यांचा शेर. दोन शेराला आठ."

"शाबास! मग चार दुणे किती?"

पोरगी गप्प झाली. मान खाली घातली. पाढ्याचे नाव काढताच तिला भीती वाटली.

आई म्हणाली, "मापायचं तर आमच्यात समद्यांनाच येतं. ह्यात काय शिकणं?"

आम्ही म्हणालो, "ताई, हाच तर चारचा पाढा!" मग आम्ही तिघेही ज्वारीच्या राशीपाशी बसलो. एक शेर, चार चिपटी. दोन शेर, आठ. तीन शेर, बारा. चार शेरांची पायली, म्हणजे सोळा चिपटी. पोरगी मापत गेली, आई मोजत गेली. त्या दिवशी पोरीला पाढा कळला आणि आम्हालाही एक गोष्ट कळली. लेकरू घरी पुष्कळ शिकत असते. त्या शिकण्याला आपण नाव देत नाही, म्हणून ते वाया जाते.

पोरगी शाळेतच राहिली.

तर मंडळी, वेगळा वेळ काढायला नको. रोजच्या कामात लेकराला जवळ घ्या आणि बोलत राहा.

धान्य मापताना आधी अदमास करायला सांगा. "या डब्यात किती मापटी बसतील?" मग मापून पाहा. अदमास चुकला तर हसू नका. पुन्हा करू द्या.

भाकरी थापताना विचारा, "आपण सहा माणसं. दर माणशी दीड भाकरी. किती थापू?" हा प्रश्न मुलालाही विचारा. आणि बाजारात सुटे पैसे मोजायला मुलीलाही द्या.

लहान लेकरापुढे तूर, मूग, हरभरा मिसळून ठेवा. ते एकेक दाणा वेगळा करील. रंग, आकार, लहान-मोठे त्याला समजेल. पण दाणे देऊन उठून जाऊ नका. लहान पोर दाणा नाकात घालते, गिळते. जवळ बसा.

अमावस्या झाली की रोज संध्याकाळी चंद्र पाहा. पहिली बारीक कोर मावळतीला दिसते आणि लवकर मावळते. रोज कोळशाने भिंतीवर तिचे चित्र काढा. पौर्णिमेला पूर्ण चंद्र सूर्य मावळता-मावळता उगवतीला वर येतो. पंधरवडा म्हणजे काय, हे लेकरू जन्मभर विसरणार नाही.

आणि वाचन! काडेपेटी, साबणाचा कागद, विजेचे बिल, एस. टी.ची पाटी, सगळीकडे अक्षरे आहेत. लेकरासंगे वाचा. एखादे अक्षर अडले तर लाजू नका. म्हणा, "मलाही येत नाही. चल, दोघं मिळून बघू." आईबाप शिकताना दिसले की लेकराला शिकण्याची गोडी लागते.

काहीजण म्हणतील, ही गरिबाची समजूत झाली. तसे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. त्या गरिबांच्या वस्तीत गेल्या. अंगणातच शाळा भरवली. महागडी खेळणी नव्हती. पाने, बिया, खडे, शिंपले हेच साहित्य. तेथूनच अंगणवाडीची वाट निघाली.

दोन गोष्टी मात्र पाळा. चुकले म्हणून मारू नका. आणि पोराला किंवा पोरीला 'ढ' म्हणू नका. तो शब्द लेकराच्या मनात घर करतो. मग येत असलेलेही त्याला येईनासे होते. ज्वारीपाशी आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. जेवायला बसताना लेकराला विचारा, "आज ताटं किती मांडायची?" मांडू द्या. मोजू द्या. आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐका.

एवढे सांगून आम्ही थांबतो.