औषधाचे पैसे आधीच ठेवणारी विष्णुदत्ता

लोहा आणि अहमदपूर तालुक्यातल्या आपल्या सगळ्या बचत गटांना, रेडिओ लावून शेंगा फोडत बसलेल्या काकूंना, मावश्यांना आणि आज्यांना माझा नमस्कार. आज मी तुम्हाला आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय सहलीची गोष्ट पुरी होत नाही.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. महिन्याला शंभर रुपये बचत, अंतर्गत कर्जाला शेकडा एक व्याज. दोन वर्षांपूर्वी भादव्यात गटातल्या एका अक्काच्या मुलाला डेंग्यू झाला. पोराला नांदेडला न्यावं लागलं. अक्का संध्याकाळी माझ्या दारात आली. दहा हजार रुपये पाहिजे होते. तिचे आधीच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले होते. मी म्हणाले, "अक्का, नियम सगळ्यांना सारखा. आधी थकलेले हप्ते भरा, मग बैठकीत ठेवू." पंचसूत्री मला तोंडपाठ: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. अक्का काही बोलली नाही. तशीच उठली आणि सावकाराकडं गेली. शेकडा पाच.

पोरगं बरं झालं. पण दहा हजाराला महिन्याचे पाचशे रुपये व्याज सुरू झालं. अक्का बैठकीला येत राहिली, बचतही भरत राहिली. फक्त बोलायची बंद झाली. मागं भिंतीला टेकून बसायची, सही करायची आणि जायची.

आता सहलीकडं येते. मागच्या माघात आम्ही गटाच्या नऊ जणी नाशिकला गेलो. नांदेडहून तपोवन एक्सप्रेस धरली. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड करत संध्याकाळी नाशिक रोडला उतरलो. बहुतेकींना त्र्यंबकेश्वरला जायचं होतं. मी म्हणाले, एक दिवस पांडवलेण्यालाही जाऊ. बी.ए.ला माझा इतिहास होता. तिथल्या शिलालेखांचे अर्थ मी वहीत उतरून घेतले होते.

पांडवलेणी नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर आहेत. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. पायथ्याशी बुद्धविहार आहे. आमच्या गटातल्या दोघी बौद्ध आहेत. त्यांनी आत वंदना घेतली, आम्ही बाकीच्या त्यांच्या मागं शांत बसलो. मग पायऱ्या चढलो. गुडघेदुखीवाल्या मावशी दर वीस पायऱ्यांना बसत होत्या, पण खाली थांबायला तयार नव्हत्या.

वर एकूण चोवीस लेणी आहेत. त्यातलं अठरावं लेणं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत खांबांची रांग आणि शेवटी दगडातून कोरलेला गोल स्तूप. एक जण म्हणाली, "ताई, टीव्हीत ते मजल्यामजल्याचं देऊळ दाखवतात, पॅगोडा, ते पण बुद्धाचंच ना?" मी म्हणाले, हो, त्या पॅगोड्याचं मूळ या स्तूपातच आहे. बुद्धाचा विचार देशोदेशी गेला, तसा स्तूपही गेला. श्रीलंकेत त्याला दागोबा म्हणतात. चीन, जपान, व्हिएतनामकडं तो उंच होत गेला, त्याला मजले आले. व्हिएतनाममध्ये ह्वे नावाच्या शहरात नदीकाठी थिएन मु नावाचा पॅगोडा आहे. 1601 साली त्याची स्थापना झाली. त्याचा सात मजली मनोरा 1844 सालचा. त्या नावाचा अर्थ स्वर्गातली बाई. त्या टेकडीवर एक म्हातारी प्रकट झाली आणि इथं देऊळ होईल असं सांगून गेली, अशी तिथली आख्यायिका. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजी तिथं बी सुरुवात बाईनंच केली की!"

इथंही तसंच आहे बरं का. या चैत्यगृहातला लेख सांगतो की ते भट्टपालिका नावाच्या बाईनं पूर्ण करून घेतलं. दारावरच्या कमानीवर आणखी एक लेख आहे. तो एका गावाच्या दानाचा आहे. एकट्या राजाचा पैसा नाही, गावाची वर्गणी. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. ती आपल्या पैठणच्या सातवाहनांची राजमाता. तिचा मुलगा गौतमीपुत्र, म्हणजे राजा असून आईच्या नावानं ओळखला गेला.

पण मला बायकांना दाखवायचं होतं ते दहावं लेणं. तिथं उषवदात नावाच्या माणसाचा लेख आहे. तो नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई. त्याची बायको दक्षमित्रा हिनंही याच लेण्यात भिक्खूंसाठी खोली दान दिली. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची आजीच समजा. मी वही उघडली आणि हिशोब वाचला.

उषवदातानं तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठं ठेवली? नाशिकजवळच्या गोवर्धन गावात विणकरांच्या श्रेणी होत्या, त्यांच्याकडं. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. दोन हजार एका श्रेणीकडं, व्याज शेकडा एक. हजार दुसऱ्या श्रेणीकडं, व्याज शेकडा पाऊण. अट अशी की मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आमच्या सचिव काकू शाळा चौथीपर्यंतच शिकल्या, पण हिशोबाला पक्क्या. त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन हजाराला शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा, दोनशे चाळीस. माय वं! जुळला की हिशोब!" सगळ्या हसल्या. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दगडावरचा हिशोब आणि आमच्या गटाच्या वहीतला व्याजदर एकच निघाला.

लेखात पुढं असंही आहे की ही ठेव निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, सर्वांना ऐकवली आणि तिची नोंद केली. म्हणजे हिशोब चारचौघांत वाचून दाखवायची रीतही जुनीच.

मग त्याच लेण्याच्या अंगणातला दुसरा लेख वाचला. तो तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. ठेव ठेवणारी बाई आहे, नाव विष्णुदत्ता. शक घराण्यातली, अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई. तिनं पैसे एकाच ठिकाणी नाही ठेवले. पाण्याची यंत्रं करणारे, तेली, अशा वेगवेगळ्या श्रेणींकडं वाटून ठेवले. एकीकडं हजार, दुसरीकडं दोन हजार, अशा रकमा आहेत. आणि कशासाठी? डोंगरावर राहणाऱ्या भिक्खूंपैकी कुणी आजारी पडलं, तर त्याच्या औषधासाठी.

मी वही मिटली. तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. दीड वर्षात पहिल्यांदा.

"म्हंजी कुणी आजारी पडायच्या आधीच तिनं पैसे ठेवले व्हते. मंग आजारी माणसाला कुणाच्या दारात जावं लागलं नसंल."

बस, एवढंच. ती माझ्याकडं बघतही नव्हती, भिंतीवरच्या अक्षरांकडं बघत होती. मैत्रिणींनो, मला तिथं काही बोलता आलं नाही. उतरताना पायऱ्यांवर मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "अक्का, त्या दिवशी माझं चुकलं." ती म्हणाली, "नियम तुमचा नव्हता ताई, गटाचा व्हता. पर गटात आजारपणाचा नियमच नव्हता."

तिचं खरं होतं. हप्ता थकला तर काय करायचं, बैठकीला गैरहजर राहिलं तर दंड किती, सगळं आमच्याकडं लिहिलेलं होतं. माणूस आजारी पडलं तर काय, हे कुठंच नव्हतं. ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी असतो हे खरं, पण आमच्या गावात तेव्हा ग्रामसंघ नीट उभाही राहिला नव्हता.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत विषय घेतला. सतरा महिन्यांत अक्कानं साडेआठ हजार रुपये व्याज भरलं होतं आणि मुद्दल दहा हजार तसंच उभं होतं. गटानं तिला दहा हजार शेकडा एकनं दिले. दोघी जणी सोबत जाऊन सावकाराचं मुद्दल फेडून आल्या. पाचशेच्या जागी पहिल्या महिन्याचं व्याज शंभर झालं.

मग औषध निधी ठरवला. प्रत्येकीनं दहा महिने पन्नास रुपये जास्तीचे भरायचे. बारा जणींचे झाले सहा हजार. गटाच्या जमा व्याजातून चार हजार घातले. दहा हजार झाले. त्यातले तीन हजार कायम बँकेत, कधीही काढता येतील असे. सात हजार गटातच शेकडा एकनं फिरते. त्याचं वर्षाचं व्याज आठशे चाळीस. ते फक्त औषधपाण्याला आणि दवाखान्याच्या भाड्याला, परत न घेण्याच्या बोलीवर. जास्त रक्कम लागली तर निधीतून कर्ज, तेही त्याच दिवशी. अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीवर काढायचं, पुढच्या बैठकीत वाचून दाखवायचं. हप्ता थकलाय का, हे त्या दिवशी विचारायचं नाही. थकबाकी माफ नाही, पण ती नंतर.

सगळ्या लगेच तयार झाल्या असं समजू नका. गट सोडला तरी या निधीतला वाटा परत मिळणार नाही, या अटीवर एक काकू अडून बसल्या. "माझे पैसे, अन मलाच परत न्हाईत?" तीन महिने त्यांनी पन्नास रुपये दिले नाहीत. आम्ही जबरदस्ती केली नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. जीपचं भाडं औषध निधीतून दिलं. वर्गणी भरली नव्हती म्हणून अडवलं नाही. पुढच्या बैठकीत काकूंनी मागचे सगळे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "लिहा."

आठशे चाळीस रुपयांत मोठं आजारपण निघत नाही, हे आम्हालाही कळतं. पण पहिल्या रात्रीचं भाडं निघतं, पहिल्या गोळ्या निघतात आणि सावकाराच्या दाराची पायरी एक वेळ तरी टळते.

तेव्हा मैत्रिणींनो, नाशिकला गेलात तर पांडवलेणी जरूर बघा. दहाव्या लेण्यात थोडं जास्त थांबा. आणि जायला जमलं नाही तरी या महिन्याच्या बैठकीत वहीचं एक नवं पान उघडा. वर लिहा, औषध निधी. खाली बारा जणींची नावं लिहा. रक्कम वीस रुपये असली तरी चालेल. मुद्दल मोडायचं नाही, व्याज आजाऱ्याचं, आणि दर बैठकीत हिशोब मोठ्यानं वाचायचा.

आणि हो, अक्का आता बैठकीत मागं बसत नाही. औषध निधीची वही तिच्याकडंच आहे. नमस्कार.