जीम, मीम, ऐन

छत्रपती संभाजीनगरात किलेअर्कजवळ जुनी जामा मशीद आहे. आत 50 बहुकोनी खांब पाच रांगांत उभे आहेत. कमानींनी जोडलेल्या या खांबांवर 27 चौक, आणि प्रत्येकावर घुमटाकार छत. मलिक अंबरनं ती बांधली, औरंगजेबानं वाढवली.

नावातला ‘जामा’ म्हणजे लोकांना एकत्र आणणारी. अंगात घालायचा जामा फारसी, त्याचं कूळ वेगळं. मशिदीचा जामा अरबीतल्या जीम, मीम आणि ऐन या तीन अक्षरांच्या धातूतून आला. अर्थ एकच, गोळा करणं. शुक्रवारी सगळे एकत्र येतात म्हणून तो वार जुमा. ऐनचा घशातला उच्चार मराठी जिभेला नाही. तो गळाला, ‘म’ दुहेरी झाला आणि बाजारात जुम्मा रूढ झाला. जमात, इज्तेमा हीही त्याच घरातली. 2018च्या फेब्रुवारीत शहराजवळ लिंबेजळगावला भरलेल्या इज्तेम्यामुळे हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही आला.

शहरातल्या उर्दू शाळांत मुलं ‘वाहिद-जमा’ घोकतात. वाहिद म्हणजे एकवचन, जमा म्हणजे अनेकवचन. गणिताच्या तासाला तोच ‘जमा’ बेरीज होतो.

मराठीनं मात्र या धातूला हिशेबाला बसवलं. जमाखर्चाच्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. आणि माणसाचा गुण सांगायचा तर ‘जमेची बाजू’. एकूण जमेची वही सांभाळणारा तो मुजुमदार, मूळचा मजमूदार. 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांच्या दरबारी या पदाला अमात्य हे संस्कृत नाव मिळालं. पदाचं नाव बदललं तरी घराण्यांनी मुजुमदार आडनाव सोडलं नाही, ते आजही आढळतं.

पुन्हा मलिक अंबरकडे यायला हवं. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत पोचलेला हा माणूस. 1610मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत ‘मलिकंबरी’ नावानं मराठी मुलखात टिकली. मशीद ‘जामा’ आणि महसूल ‘जमा’, त्याच्या दोन्ही मोठ्या कामांवर जीम-मीम-ऐन याच धातूची मोहोर आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं.

महसूल खात्याचं वर्ष आजही 1 ऑगस्ट ते 31 जुलै. ते संपलं की गावच्या महसुली दप्तराची तपासणी होते, वसुलीचे आकडे ताडून पाहिले जातात. कचेरीत या तपासणीला जमाबंदी म्हणतात.